चालत्या घरातली खुंटी

नवं घर झालं की पहिला खिळा कुठे ठोकायचा, यावरून आपल्याकडे घरोघर चर्चा होते. आजोबांचा फोटो दारासमोर असावा की आतल्या खोलीत, कॅलेंडर स्वयंपाकघरात की बैठकीत, आरसा खिडकीजवळ की न्हाणीजवळ, याचा निवाडा व्हायला कधी कधी आठवडा लागतो. या चर्चेत भिंतीला कोणी काही विचारत नाही. ती उभी आहे, ती वजन झेलेल, हे आपण धरूनच चालतो. आज मला अशा एका घराविषयी सांगायचं आहे, जिथे हे धरून चालत नाही. हे घर चाकांवर असतं. अमेरिकेत त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात.

पुढे मोटार किंवा पिकअप गाडी, आणि तिच्यामागे कडीला जोडलेलं हे घर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. रुंदी साधारण अडीच मीटर, लांबी चार-पाच मीटरपासून थेट दहा मीटरपर्यंत. आत पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, न्हाणी, संडास, जेवायचं टेबल. एखाद्या जंगलाच्या किंवा तळ्याच्या काठी ठरवून दिलेल्या तळावर ते उभं करायचं, वीज आणि पाणी जोडून घ्यायचं, दोन दिवस राहायचं आणि पुढच्या मुक्कामाला निघायचं. अमेरिकेत तयार होणाऱ्या अशा फिरत्या घरांपैकी बहुसंख्य घरं इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या गावाच्या परिसरातल्या कारखान्यांत बनतात.

माझी मुलगी आणि जावई इंडियानाला लागूनच असलेल्या मिशिगन राज्यात राहतात. 2023 च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे होतो. त्यांनी नुकताच एक जुना, सहा-सात मीटरचा ट्रेलर विकत घेतला होता. आतून तो एखाद्या दवाखान्याच्या खोलीसारखा कोरा होता. मुलगी म्हणाली, "अब्बा, तुम्ही कवितेत इतक्या भिंती उभ्या करता. आता या चार भिंतींवर काय आणि कसं लावायचं, ते तुम्हीच बघा." निवृत्त माणसाला परदेशात वेळ भरपूर असतो. मी कामाला लागलो. मला गुरूही भेटला. शेजारच्या घरात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. उमेदीची कित्येक वर्षं त्यांनी एल्कहार्टच्या एका कारखान्यात ट्रेलरच्या भिंती जुळवण्यात घालवली होती. मी आज जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं मी त्यांच्याकडून शिकलो.

मी मराठवाड्यातला. माझ्या लहानपणीचं घर पांढऱ्या मातीचं होतं. भिंत दोन हात जाड. तिच्यात कोनाडे होते, फडताळं होती आणि खुंट्या तर भिंत रचतानाच तिच्यात बसवलेल्या होत्या. त्या खुंटीला ज्वारीची पिशवी अडकवा, कंदील अडकवा, बैलाचा साज अडकवा, ती हलत नसे. अशा भिंतीची सवय असलेल्या माणसाला ट्रेलरची भिंत काय आहे, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं.

ही भिंत दोन प्रकारची असते. पहिल्या, जुन्या प्रकारात सुमारे दीड इंच जाडीच्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो. बाहेरून त्याला ॲल्युमिनियमचा नालीदार पत्रा, मधल्या पोकळीत काचतंतूंचा कापूस, आणि आतून जेमतेम 3 मिलिमीटरचं प्लायवूड. दुसऱ्या प्रकारात ॲल्युमिनियमच्या पोकळ दांड्यांची चौकट असते. तिच्या घरांत थर्माकोलसारखे ठोकळे बसवतात, बाहेरून फायबरग्लासचा पत्रा आणि आतून तेच पातळ प्लायवूड लावतात, आणि हे सगळं डिंकाने जोडून, दाबून एकजीव करतात. दोन्ही प्रकारांत आपल्या हाताला लागतो तो आतला पृष्ठभाग सारखाच असतो. तीन मिलिमीटरचं प्लायवूड आणि त्यावर फिकट नक्षी किंवा लाकडाच्या रेषा छापलेला कागदाचा नाहीतर व्हिनाइलचा पापुद्रा.

या प्लायवूडला तिकडे लुआन म्हणतात. हे लाकूड मुळात आग्नेय आशियातल्या पावसाळी जंगलांतलं. आपल्या मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये सालवृक्षाची जंगलं आहेत ना, त्या सालाच्याच कुळातली ही झाडं. वजनाला हलकं, वाकवायला सोपं, म्हणून चाकांवरच्या घराला सोयीचं. घर हलकं हवंच, कारण ते कोणीतरी ओढायचं असतं. प्रत्येक ट्रेलरमध्ये किती वजनाचं सामान भरता येईल, ते एका चिठ्ठीवर छापून आत चिकटवलेलं असतं. भिंतीवर टांगलेली वस्तूही त्या हिशेबात येते.

आता या पातळ फळीत खिळा ठोकला तर काय होईल? खिळा सरळ आत जाईल. त्याला धरून ठेवायला मागे काहीच नाही. स्क्रू फिरवला तर दोन-तीन आटे बसतील, आणि चार दिवसांच्या प्रवासात भोक मोठं होऊन स्क्रू खाली पडेल. म्हणून माझ्या गुरूंनी पहिला धडा दिला तो असा, की या भिंतीला कातडं आहे आणि हाड आहे. वजनदार वस्तू टांगायची असेल तर ती हाडाला टांगावी. कातड्यावर फक्त हलकी वस्तू चिकटवावी.

हाड शोधायचं कसं? आपण माठ घेताना बोटाने वाजवून पाहतो, तशी ही भिंत बोटाच्या पेराने वाजवत जायची. पोकळ जागी आवाज ढप्प येतो, पट्टीवर आला की तो टणक होतो. दुसरी युक्ती चुंबकाची. लाकडी पट्टी किंवा ॲल्युमिनियम चुंबकाला ओढत नाही, पण प्लायवूड ज्या लोखंडी पिनांनी आणि स्क्रूंनी सांगाड्याला मारलेलं असतं, त्या पिना ओढतात. एखादा छोटा चुंबक दोऱ्याला बांधून भिंतीवरून फिरवला, की तो एका उभ्या रेषेत जागोजागी थबकतो. ती रेषा म्हणजे हाड. तिसरी खूण डोळ्यांनाच दिसते. प्लायवूडचे दोन तुकडे जिथे जुळतात, तिथे सांधा झाकायला एक अरुंद पट्टी लावलेली असते. तिच्यामागे बहुधा सांगाड्याची पट्टी सापडते. शिवाय खिडक्यांच्या आणि दाराच्या कडेने आणि वरच्या कपाटांच्या चौकटीत लाकूड असतंच. टॉवेलची खुंटी, कोटाची खुंटी, चाव्यांची पट्टी यांच्या जागा तिथेच शोधाव्यात.

स्क्रू किती लांब घ्यायचा, हाही जिवाचा प्रश्न आहे. संपूर्ण भिंतच दीड-दोन इंच जाड. पाऊण इंचापेक्षा लांब स्क्रू घेतला तर तो बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचण्याची भीती असते. त्यातच भिंतीच्या पोकळीतून विजेच्या तारा गेलेल्या असतात, काही ठिकाणी पाण्याचे नळ. त्यामुळे बटणं, प्लग, नळ आणि शेगडी यांच्या आसपास ड्रिल चालवायचंच नाही. आणि बाहेरच्या पत्र्याला भोक पडलं तर? त्यातून पाऊस झिरपतो, लाकूड कुजतं, प्लायवूड फुगतं, आणि वरून काही दिसेपर्यंत भिंत आतून संपलेली असते. माझ्या गुरूंच्या मते ट्रेलर रस्त्यावर झिजून कमी मरतात, पाणी शिरून जास्त मरतात. एका चित्रासाठी घर घालवायचं नसेल, तर भोक पाडण्याआधी दोनदा विचार करावा.

हा झाला उभ्या घराचा विचार. पण हे घर चालतं. आणि ते चालतं तेव्हा त्याच्या आत कोणीच नसतं. ट्रेलर ओढला जात असताना त्यात बसून प्रवास करायला अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कायद्याने मनाई आहे, आणि जिथे नाही तिथेही शहाणी माणसं बसत नाहीत. सगळे जण पुढच्या मोटारीत. मागच्या घरात भिंतीवरची चित्रं, घड्याळ, आरसा, हे सगळं एकटंच प्रवास करत असतं. मोटारीला असतात तसे धक्के शोषणारे दांडे बहुतेक ट्रेलरांना नसतात. कमानीच्या पाट्यांवर ते घर उसळत जातं. मुक्कामाला पोचून दार उघडावं, तेव्हा आत काय काय घडलं ते कळतं.

एकाच खिळ्याला टांगलेली तसबीर अशा प्रवासात लंबकासारखी झुलते. तिचा खालचा कोपरा भिंतीवर घासून अर्धगोल ओरखडा काढतो, आणि एखाद्या खड्ड्याला ती खिळ्यावरून उडी मारते. म्हणून दुसरा धडा असा, की कडक वस्तू असेल तर तिला चारही कोपऱ्यांनी भिंतीशी बांधून टाकावी. तिला हलायला जागाच ठेवू नये. मऊ वस्तू असेल तर तिला खुशाल झुलू द्यावं. अर्धवट धरलेली वस्तू तेवढी फुटते.

काच तर टाळावीच. फोटोवर काचेऐवजी पातळ ॲक्रिलिक बसवतात, किंवा लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास लावतात. तो हलकाही असतो आणि फुटतही नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पुष्कळ ट्रेलरांची एक बाजू मुक्कामाला बाहेर सरकते आणि तेवढी खोली मोठी होते. निघताना ती पुन्हा आत ओढून घ्यायची असते. आत येताना ती शेजारच्या भिंतीला अगदी चाटून येते. तिथे दोन बोटं पुढे आलेली चौकट लावली असेल, तर चौकट तरी मोडते नाहीतर भिंत. त्या जागी कागदाइतकं सपाट चित्रच चालतं.

मग कातड्यावर, म्हणजे नुसत्या प्लायवूडवर काय लावायचं? तिथे चिकटपट्टीचं राज्य आहे. ओढून ताणली की खूण न ठेवता सुटून येणाऱ्या पट्ट्या आता आपल्याकडेही मिळतात. पण त्यांची एक रीत आहे. भिंत आधी स्पिरिटने पुसायची, कारण स्वयंपाकाचा तेलकट थर डोळ्यांना दिसत नाही, पट्टीला मात्र कळतो. मग पट्टी अर्धा मिनिट दाबून धरायची, आणि वस्तू लगेच न टांगता तासभर थांबायचं. घरात वापरायच्या साध्या पट्ट्या साधारण 10 ते 40 अंश सेल्सिअसच्या दरम्यानच धरतात. बंद करून उन्हात उभा केलेला ट्रेलर दुपारी याच्या पुढे सहज जातो. चिकट थर मऊ पडतो आणि वस्तू हळूहळू खाली सरकते. म्हणून बरेच जण घराबाहेर वापरायच्या, जास्त उष्णता सोसणाऱ्या पट्ट्या आत लावतात. शिवाय भिंतीवरचा छापील पापुद्राच जर सैल असेल, तर पट्टी काढताना तोही सोबत निघून येतो. एखाद्या कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात आधी एक पट्टी लावून, काढून पाहावी. तिथे नक्षी गेली तरी कोणाला दिसत नाही.

दुसरी सोय व्हेल्क्रोची. हिची गोष्ट मला फार आवडते. स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल 1941 मध्ये कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरायला गेले होते. परत आल्यावर कुत्र्याच्या केसांत आणि आपल्या कपड्यांत चिकटलेली काटेरी फळं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक आकडा होता. त्यावरून एका पट्टीवर आकडे आणि दुसरीवर फासे अशी रचना त्यांनी केली आणि 1955 मध्ये तिचं पेटंट मिळवलं. आपल्या माळरानावर लांडगा नावाचं झुडूप असतं. त्याची फळं धोतराला आणि मेंढीच्या लोकरीला नेमकी अशीच चिकटतात. आपण ती शिव्या देत काढून फेकली! त्या साहेबाने निरखून पाहिली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतही वस्तू तरंगत जाऊ नयेत म्हणून व्हेल्क्रोच वापरलं होतं. ट्रेलरमध्ये घड्याळ, रिमोट, छोटी चित्रं यांच्यामागे त्याचे तुकडे लावतात. फळीवरच्या मूर्तीला किंवा फुलदाणीला तळाशी एक प्रकारचं चिकट मेण लावतात. भूकंपात वस्तू पडू नयेत म्हणून संग्रहालयांत ते वापरतात. मुलीच्या एका मराठी मैत्रिणीने आपल्या ट्रेलरमध्ये बोटभर उंचीचा गणपती अशाच मेणाने बसवला आहे.

आता झुलणाऱ्या वस्तूंकडे येऊ. ट्रेलरवाल्यांच्या सामानात मला एक दोऱ्यांची जाळी दिसली. दोन टोकांना बांधून कपाटाखाली टांगायची आणि तिच्यात केळी, सफरचंद, कांदे ठेवायचे. गाडी कितीही उसळली तरी फळं आपटत नाहीत, जाळीच हेलकावा घेते. मी म्हटलं, अरे, हे तर आपलं शिंकं! मांजरापासून दूध-दही वाचवायला आपल्या आज्यांनी आढ्याला टांगलेलं शिंकं इकडे फळांचा धक्का सोसतं आहे. मुलीसाठी मी घरून एक बंजारा भरतकामाचा तुकडा नेला होता. त्याची वरची कड एका हलक्या काठीला गुंडाळली आणि काठी कपाटाच्या चौकटीला दोन जागी बांधली. संपूर्ण प्रवासात त्याचा एक आरसाही निखळला नाही. कापड हे फिरत्या माणसांचं सगळ्यात जुनं भिंतचित्र आहे, हे मला तिथे पटलं.

दिशेची मात्र एक गंमत झाली. आमच्या घरी पश्चिमेच्या भिंतीवर काबागृहाची तसबीर असते. घरी आलेल्या पाहुण्याला नमाजाची दिशा विचारावी लागत नाही. मिशिगनमधून ती दिशा ईशान्येकडे येते, हे तिथे गेल्यावर लक्षात ठेवावं लागतं. आणि ट्रेलरची भिंत तर आज एका दिशेला, उद्या दुसऱ्या. भिंतीने दिशा सांगण्याचा प्रश्नच उरला नाही. मुलीने ती तसबीर घरीच ठेवली आणि दाराजवळ एका खुंटीला होकायंत्र अडकवलं. निघताना ते काढून खिशात ठेवायचं. चालत्या घरात काही गोष्टी भिंतीवर नसाव्यात, माणसाजवळ असाव्यात, हेही एक शहाणपणच.

आतापर्यंत मी हौशी लोकांविषयी बोललो. त्यांचं दुसरं, पक्कं घर कुठेतरी असतं. ट्रेलरमधली तसबीर पडली तरी आयुष्य हलत नाही. पण या भिंतींमागे राहणारी दुसरीही माणसं आहेत.

29 ऑगस्ट 2005 रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळलं. न्यू ऑर्लिन्स शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. बेघर झालेल्या कुटुंबांना तिथल्या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने फार मोठ्या संख्येने ट्रॅव्हल ट्रेलर दिले. कित्येक ट्रेलर पडक्या घराच्या अंगणातच उभे होते. सुट्टीत चार दिवस राहण्यासाठी बनवलेल्या या घरांत माणसं महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षं राहिली. लवकरच लोकांची डोकी दुखू लागली, डोळे चुरचुरू लागले, नाकातून रक्त येऊ लागलं, मुलांना श्वासाचा त्रास होऊ लागला. कारण भिंतीतच होतं. प्लायवूड आणि भुशाच्या फळ्या जोडायच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडतो. बंद जागेत, उकाड्यात आणि दमट हवेत तो अधिक सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच त्याला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांमध्ये धरलं होतं. डिसेंबर 2007 आणि जानेवारी 2008 मध्ये तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने अशा 519 घरांतली हवा तपासली. त्यात या वायूचं सरासरी प्रमाण अब्ज भागांत 77 भाग आढळलं. साध्या घरांतल्यापेक्षा ते कितीतरी जास्त होतं. पुढे 2010 मध्ये अमेरिकेने लाकडी फळ्यांतून सुटणाऱ्या या वायूवर मर्यादा घालणारा कायदा केला.

विचार करा. पुरातून वाचलेला एखादा लग्नाचा फोटो कोणी त्या भिंतीवर लावला असेल. सगळं गेलं, एवढं राहिलं म्हणून. आणि तीच भिंत त्या घरातल्या लेकराचा श्वास कोंडत होती. म्हणून भिंतीवर काय टांगायचं हे ठरवण्याआधी भिंत कशाची आहे, हे विचारणं हा नुसता सजावटीचा प्रश्न राहत नाही. नवा ट्रेलर घेतला तर पहिले काही दिवस खिडक्या-दारं उघडी ठेवून त्याला भरपूर हवा द्यावी, आणि तसबिरींच्या मागे ओल साठते आहे का, हे अधूनमधून पाहावं. लहान जागेत स्वयंपाकाची आणि श्वासाची वाफ भिंतीवरच बसते.

ही गोष्ट समजून घेताना मला आपला किल्लारीचा भूकंप आठवल्याशिवाय राहिला नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. मी तेव्हा नुकताच बी.ए. झालो होतो, आणि मदतीच्या गाड्यांबरोबर त्या गावांत गेलो होतो. ज्या जाड, दगडमातीच्या भिंतींचं मी मघाशी कौतुक केलं, त्याच भिंती झोपलेल्या हजारो माणसांवर कोसळल्या होत्या. त्यामुळे जाड भिंत म्हणजे सुरक्षित घर, असं मी कधी म्हणणार नाही. पुढे लोकांना पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये राहावं लागलं. एका शेडमध्ये मी पाहिलं, एक म्हातारी ढिगाऱ्यातून काढलेला, काच फुटलेला फोटो हातात धरून बसली होती. पत्र्याला खिळा मारला तर पाऊस आत येणार. शेवटी तिच्या नातवाने पत्र्याला हात न लावता वरच्या आडव्या वाशाला तार गुंडाळली आणि फोटो तिला बांधला. कातड्याला न दुखवता हाडाला ओझं देणं, हे मी अमेरिकेत शिकलो असं म्हणतो खरं, पण त्या पोराने ते तीस वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पाहा. भिंत म्हणावी तर ती पाचटाची. पण कपडे, कंदील, बाळाची झोळी, सगळं टांगलेलं असतं ते बांबूला.

अमेरिकेतही ट्रेलर हेच एकमेव घर असलेली माणसं थोडी नाहीत. 2008 च्या मंदीत घरांची कर्जं बुडाली, निवृत्तीची पुंजी गेली, आणि साठी उलटलेले कित्येक जण मोटारींत आणि ट्रेलरांत राहायला आले. हंगामी कामं शोधत ते राज्याराज्यांतून फिरतात. जेसिका ब्रुडर यांनी त्यांच्यात राहून 2017 मध्ये 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. क्लोई झाओ यांनी त्यावर त्याच नावाचा चित्रपट केला, आणि 2021 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. अशा घरात सामान ठेवताना प्रत्येक वस्तूला विचारावं लागतं, की तू का यायचंस? तुझं वजन किती? चार कोपऱ्यांनी बांधलेली तू राहशील ना? ज्या वस्तू या प्रश्नांतून पार पडतात, त्या बहुधा लहान असतात. आईचा फोटो, मुलाने काढलेलं चित्र, एखादा भरतकामाचा तुकडा. पण त्या भिंतीवर असतात म्हणून माणूस त्या जागेला घर म्हणतो आणि गाडी म्हणत नाही.

मुलीच्या ट्रेलरमध्ये मी शेवटी एक काम केलं, ते माझ्या गुरूंच्या सांगण्यावरून. चुंबकाने हाडाची रेषा शोधली आणि एक लाकडी पट्टी त्या हाडांवर आडवी बसवली, छोट्या स्क्रूंनी. त्या पट्टीवर पाच खुंट्या. आता जे काय टांगायचं, बदलायचं, काढायचं, ते त्या पट्टीवर. भिंतीला पुन्हा भोक नाही. कोणालाही करता येईल इतकं साधं काम आहे, आणि एका दुपारचं आहे.

त्यावरून एक मागणी मनात येते आणि ती सांगून थांबतो. पूर, भूकंप, दरड, धरणामुळे उठलेली गावं, यांच्यासाठी तात्पुरती घरं आपल्याकडेही बांधावी लागतात आणि पुढेही लागतील. त्यांच्या आराखड्यात दार असतं, खिडकी असते, दिव्याची जागा असते. त्यात सांगाड्याला पक्की बसवलेली एक खुंट्यांची पट्टीही असावी. खर्च फार येणार नाही. पहिल्याच रात्री त्या घरात येणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा एखादी पिशवी असेल आणि कदाचित एखादा फोटो. तो कुठे ठेवू, असा प्रश्न त्याला पडू नये.